पॅटिसला जातीचा दाखला कशाला?

मार्चअखेरीला रजा मागणारा सरकारी कारकून म्हणजे पंगतीत वाढप सुरू असताना हात झटकून उठणारा वाढपी. 2025 साली हा अपराध मी केला. त्या वर्षी पाडवा 30 मार्चला, रविवारी होता आणि लागूनच सोमवारी ईदची सुट्टी. साहेबांनी अर्जावर "कारण?" एवढाच शेरा मारला. मी खाली लिहिले, "मावशीकडे पाडवा." साहेबही माणूस आहेत. मडगावहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो आणि बडोद्याला उतरलो.

मावशी फतेगंजला राहते. काका सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडे नोकरीला लागले, तेव्हापासून. बडोद्याचे मराठीपण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दांडिया बाजार येतो, गायकवाड येतात, सयाजीराव महाराज येतात. फतेगंज त्यातले नव्हे. हा जुन्या कॅम्पाकडचा भाग, विद्यापीठाला लागून. चर्च आहे, मशीद आहे, विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत, रात्री उशिरापर्यंत चहा-आमलेटच्या गाड्या आहेत. इथे जो तो कुठून तरी आलेला. मावशीच्या जिन्यात चार बिऱ्हाडे: ही आमची मावशी, समोर मडगावची एक किरिस्तांव बाई (आम्ही तिला आंटी म्हणतो), वर एक जैन कुटुंब आणि तळमजल्यावर एक मुसलमान मास्तर.

या जिन्याची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचा माझा राग तुम्हाला अतिरेकी वाटेल.

1 मार्च 2002 च्या रात्री याच शहरात हनुमान टेकडीवरची बेस्ट बेकरी जाळण्यात आली. 14 माणसे मेली. पुढे ती केस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, फेरसुनावणी मुंबईत झाली, हे सगळे तुम्ही वाचलेले आहे. मावशी त्या दिवसांबद्दल फारसे बोलत नाही. एवढेच सांगते, की जिन्यात पावलांचा आवाज झाला तरी सगळी दारे आतून बंद व्हायची. त्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला. मावशीने गुढी उभारली आणि तिला वाटले, की चार घरांची दारे आज उघडली नाहीत तर परत कधीच उघडणार नाहीत. ती आणि आंटी दुपारी ओट्याशी उभ्या राहिल्या आणि संध्याकाळी गच्चीवर सगळ्यांना बोलावले. खायला काय? आंटीला येत होते ते: रिसॉईश. तेव्हापासून फतेगंजच्या त्या गच्चीवरचा पाडवा रिसॉईशशिवाय झाला नाही. वीस-बावीस वर्षे.

रिसॉईश आपल्याकडे गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. पण 'ते त्यांचे' म्हणून ज्यांनी आजवर चाखलेच नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मैद्याची अर्धचंद्राकार करंजी, आत बहुतेक करून सुंगटांचे सारण, बाहेरून अंडे आणि पावाचा चुरा, तळलेली. किरिस्तांवांच्या लग्नात, नाताळात, ईस्टरला जेवणाआधी ताटल्या फिरतात त्यातली ती. सोबत एंपादिन्या असतात, पॅटिस असतात. बडोद्याच्या गच्चीवर सगळ्यांना मिळून एकच शब्द सापडला: पॅटिस. त्यामुळे मीही तोच वापरतो.

जैन शेजाऱ्यांमुळे मावशीने सुंगटे पहिल्याच वर्षी काढली, अंडेही काढले. बटाटा आणि कांदा नको म्हणून कच्चे केळे उकडून किसून घातले, त्यात मक्याचे दाणे, हिरवी मिरची, कोथिंबीर. अंड्याऐवजी मैद्याचे पातळ पीठ, चुऱ्याऐवजी रवा. मास्तरांच्या घरी रोजे असतील त्या वर्षी ताटली सूर्यास्तानंतरच फिरायची. यावर कुणी भाषण केले नाही, समितीही नेमली नाही.

मग मावशीचे गुडघे गेले. गच्ची चढवेना. दोन-तीन वर्षांपूर्वी हा पाडवा जवळपासच्या एका मंडळाच्या पाडव्यात विलीन झाला. (मंडळाचे नाव सांगणार नाही. अशी मंडळे आपल्याकडेही प्रत्येक तालुक्यात आहेत.) 2025 च्या कार्यक्रमाआधी व्हॉट्सॲपवर सूचना आली, 'फक्त पारंपरिक पदार्थ आणावेत.' मावशीला वाटले, बावीस वर्षे म्हणजे परंपराच की! दोघी म्हाताऱ्यांनी मिळून शंभरावर पॅटिस केली. मी स्वतः रवा लावायला बसलो होतो.

सभागृहात परात टेबलावर ठेवली. एक गृहस्थ आले. सदरा, उपरणे, कपाळाला टिळा, एकदम व्यवस्थित. म्हणाले, "मावशी, हे ख्रिश्चनांचं ईस्टरचं खाणं. पाडव्याच्या टेबलावर बरं दिसत नाही. मागे ठेवू या का?" आवाज अगदी मृदू. आंटी तिथेच उभी होती. तिला मराठी आपल्याइतकेच समजते. ती हसली आणि तिनेच परात उचलून मागच्या खुर्चीवर नेऊन ठेवली.

आणि मी? मी गप्प बसलो. वीस वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडलेली गोष्ट म्हणजे वरचा बोलला की मान खाली. गाडीत बसल्यावर मला सगळी उत्तरे सुचली. म्हणून हा लेख. त्या गृहस्थांसाठी आहेच, पण त्याहून अधिक आपल्या गोव्यातल्या त्यांच्या भाऊबंदांसाठी.

पहिली गोष्ट, त्या टेबलावर काय राहिले ते पाहू. केटररचे मंचुरियन, पनीर टिक्का, हराभरा कबाब आणि चीज भरलेले कसलेसे रोल. म्हणजे मंचुरियन पारंपरिक, आणि दोन बायांनी दुपारभर बसून हाताने भरलेली करंजी परकी! मंचुरियनला कुणी दाखला विचारला नाही, कारण मंचुरियनचा शेजारी त्या सभागृहात उभा नव्हता. प्रश्न पदार्थाचा नव्हताच. तो माणसाचा होता, परात फक्त निमित्त.

दुसरी गोष्ट, हे 'ख्रिश्चनांचं खाणं' करतात कसे? दोन वाट्या पाण्यात मीठ आणि मोठे दोन चमचे लोणी घालून खळखळून उकळी आणायची. दोन वाट्या मैदा एकदम ओतायचा, आच बारीक करून उलथण्याच्या दांड्याने घाटायचे. कडा सोडून गोळा झाला की उतरवायचे, झाकायचे आणि कोमट असतानाच मळायचे. ओळखीचे वाटते ना? अहो, ही उकड! मोदकाची उकड, फक्त तांदळाच्या पिठाऐवजी मैदा आणि तेलातुपाऐवजी लोणी. मावशीला आंटीने ही कृती शिकवली तेव्हा मावशी म्हणाली होती, "अगं, हे तर मला येतंच!" मग पारी लाटायची, लोण्यावर मैदा भाजून दुधात घट्टसर केलेल्या पांढऱ्या सॉसमध्ये कालवलेले सारण पूर्ण थंड करून ठेवायचे (गरम सारण भरले तर वाफेने पारी फुटते, करंजीचाही तोच नियम), दुमडायचे, वाटीच्या कडेने कापायचे. यात परके काय राहिले?

"पण बेकरीतल्या पॅटिसला पापुद्रे असतात, ते विलायती!" असे कुणी म्हणेल. मग साट्याच्या करंज्या काय आहेत? तूप फेसून त्यात तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोर घालून साटा करायचा, पोळ्यांना लावून एकावर एक ठेवायच्या, गुंडाळी करून लाट्या कापायच्या. तळताना पदर सुटतात. चिरोट्यांचेही तेच. पिठाच्या दोन थरांमध्ये स्निग्ध पदार्थ ठेवला की उष्णतेने थर वेगळे होतात, हे ज्ञान पोदेराच्या भट्टीत जेवढे होते तेवढेच आपल्या आजीच्या पोळपाटावर होते. कुणी कुणाकडून घेतले याचा हिशेब मांडायला बसलो तर खाणे थंड होईल.

तसा हिशेब मांडायचाच असेल तर मांडू. अर्धचंद्राचा हा घाट गोव्यात नेवरी, घाटावर करंजी आणि कानवला, गुजरातेत घुघरा, उत्तरेत गुजिया, कर्नाटकात कर्जिकाई. सारण भरून तळलेल्या समोशाचे नाव फारसीतून आले. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दिल्ली दरबारी बदाम-पिस्ते घातलेला खिम्याचा समोसा खाल्ल्याचे लिहून ठेवले आहे. तोच समोसा गोव्यातून पोर्तुगालला गेला आणि आज तिथे 'शामुसा' म्हणून विकला जातो. तिकडचे रिसॉईश इकडे आले, इकडचा समोसा तिकडे गेला. जमाखर्च बरोबर. फाईल बंद करायला हरकत नसावी.

आणि शब्दांचे काय करणार? बटाटा पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज, काजू पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला. चावी, बादली, घमेले, लिलाव, सगळे तिकडचे. मी महिनाभर ज्याची वाट पाहतो तो पगारसुद्धा! त्या उपरणेवाल्या गृहस्थांनी पगार कधी परत केल्याचे ऐकिवात नाही. बडोद्याची शान म्हणून जी शेवउसळ खाल्ली जाते तिच्यात उसळ आपली, शेव गुजरातची आणि बुडवायला पाव पोर्तुगीजांचा. बडोदेकर ती मिटक्या मारीत खातात आणि पावाचा धर्म विचारत नाहीत.

आता मी स्वतःच विरुद्ध पक्षाची वकिली करतो, कारण त्यांची बाजू पोकळ नाही. ते म्हणतील, "तुम्ही गोंयकार असून असे बोलता? पाव विहिरीत टाकून गावेच्या गावे बाटवली, हे विसरलात?" विसरलो नाही. माझ्या पणजीने मरेपर्यंत पाव घरात येऊ दिला नाही. विहिरीच्या गोष्टी आम्ही तिच्याच तोंडून ऐकल्या. गोव्यात इन्क्विझिशन 1560 ते 1812 पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, सुरू होते. ही जखम खोटी नाही, आणि ती बोलून दाखवणाऱ्याला मी हसणार नाही.

पण याच इन्क्विझिशनच्या 1736 सालच्या फर्मानाची आठवण करून देतो. अ. का. प्रियोळकरांच्या 'द गोवा इन्क्विझिशन' (1961) या पुस्तकामुळे ते आपल्याला माहीत आहे. बाटलेल्यांनी दारात तुळस लावू नये, अमुक कपडे घालू नयेत, आणि भात हिंदूंसारखा मीठ न घालता शिजवू नये! विचार करा. भातात मीठ आहे की नाही यावरून माणसाचा देव ओळखायचा. दुसऱ्याच्या मडक्यात नाक खुपसून त्याचा धर्म हुंगायचा, ही कल्पना कुणाची होती? ज्यांच्या नावाने आपण बोटे मोडतो त्यांचीच. फतेगंजच्या सभागृहात परात मागे ठेवायला सांगणारा गृहस्थ आपल्या पूर्वजांचा वारसा चालवत नव्हता. तो त्या फर्मानाचा वारसा चालवत होता. मृदू आवाजात, एवढाच फरक.

आणि ज्या पावाने आम्ही बाटलो त्याचे पुढे काय झाले? आज गोव्यात हिंदूंच्या कुठल्याही हॉटेलात सकाळी जा. पातळभाजी-पाव, सुकीभाजी-पाव. सकाळी पोदेराचा पोंऽऽ ऐकू आला नाही तर सगळ्या वाड्याला चुकल्यासारखे होते. पणजीला जो पाव बाटवत होता तो तिच्या पणतवाचा नाश्ता झाला, आणि तिचा पणतू अजून सोमवार पाळतो. हा पराभव असेल तर असे पराभव आणखी होवोत.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो फक्त आपल्यासाठी आहे. आपण म्हणजे गोव्यात राहून मराठीत वाचणारे-लिहिणारे लोक.

1987 चा राजभाषा कायदा झाला तेव्हा मी बिगरीत असेन. कोकणी राजभाषा झाली, मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा मिळाली. तेव्हापासून आजतागायत आपण एक वाक्य ऐकत आलो आहोत, "मराठी बाहेरची." घरात कोकणी बोलणारा, देवळात मराठी आरती म्हणणारा, नाटक मराठीत करणारा गोंयकार हे ऐकतो आणि त्याच्या पोटात तुटते. मग आपण पुरावे काढतो. आणि त्यात मोठ्या अभिमानाने कुठला पुरावा काढतो? फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण', 1616, रायतूर! एका इंग्रज जेझुइट पाद्र्याने येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, हा आपल्या मराठीच्या गोव्यातल्या मुळांचा दाखला म्हणून आपण व्यासपीठावरून फडकवतो. मीही फडकवला आहे, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत, आणि दुसरे बक्षीस घेतले आहे.

म्हणजे ख्रिस्ताचे पुराण आपले आणि ख्रिस्तीणीचे पॅटिस परके? पुराण चालते, पॅटिस चालत नाही?

'बाहेरचा' हा शिक्का आपल्या कपाळावर एवढी वर्षे मारला गेला आहे. तो कसा चरचरतो हे आपल्याइतके कुणाला ठाऊक नाही. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्याच गटांमध्ये 'सणाला बेकरीचे काही आणू नका, ते आपले नव्हे' असले निरोप फिरतात आणि आपण ते पुढे ढकलतो. भाषेसाठी आपण एक कायदा मागतो, 'इतकी वर्षे इथे नांदली, ती इथलीच.' मग तोच कायदा ताटाला का नाही? इतकी वर्षे इथल्या चुलीवर तळलेला पदार्थ इथला नसेल, तर आपली मराठी इथली असल्याचे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

'परंपरा जपायची नाही का?' असे विचाराल तर माझे उत्तर, जपायचीच. पण ती असते कुठे? त्या सभागृहात पारी दुमडून मुरड घालता येणाऱ्या किती बाया होत्या (आणि पुरुष, मीही त्यातच), हे मोजायला हवे होते. मावशी पॅटिसची कडा काट्याने दाबत नाही, तिला ते आवडत नाही. ती करंजीसारखी नाजूक मुरड घालते. आंटी तिला बावीस वर्षे चिडवते आहे, की तुझी रिसॉईश लुगडे नेसून येतात. ती मुरड म्हणजे परंपरा. ती मागच्या खुर्चीवर गेली आणि केटररचे रोल पुढे राहिले.

त्या रात्री उरलेली परात आम्ही घरी आणली. ईदचा चांद दिसला होता. मास्तरांच्या घरून निरोप आला, पॅटिस आहेत ना? परात खाली गेली. आंटीचा तेव्हा लेंट सुरू होता, ईस्टर 20 एप्रिलला. ती मांस-मासळी सोडून होती, म्हणजे ते 'ख्रिश्चनांचं खाणं' त्या दिवशी तिच्या उपासालाही चालणारे होते. त्या गृहस्थांनी विचारले असते तर कळले असते. ती मला आग्रह करीत म्हणाली, "पुता, आनीक एक घे मरे." सभागृहातल्या प्रसंगाबद्दल एक शब्द नाही. मला ते बोलण्यापेक्षा जड गेले.

निघताना मावशीने डबा दिला. मुलगी सासरी निघाली, माणूस दूरच्या प्रवासाला निघाला, की मुरडीचे कानवले बरोबर देतात, ते माणूस मुरडून परत यावे म्हणून. डब्यात पॅटिस होती, मुरड घातलेली. रत्नागिरीपर्यंत संपली.

तर मंडळी, येत्या पाडव्याला, शिगम्याला, नाहीतर ईस्टरच्या रविवारी, कुठलाही दिवस धरा, ही उकड काढून पाहा. मार्चमध्ये आपल्याकडे ओले काजूगर निघालेले असतात, त्यांचे सारण फक्कड होते. शेजारी किरिस्तांव असेल तर त्याला बोलवा, किंवा त्याच्याकडे शिकायला जा, ते जास्त बरे. आणि कुणी परातीकडे पाहून मृदू आवाजात "हे आपलं नाही" म्हणाला, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. परात जागची हलू देऊ नका.